वॉल्टर कॉफमन यांच्या स्ट्रिंग क्वार्टेटचं नोटेशन मुंबईत बसून कसं मिळवावं?

चौथी_तार (विलेपार्ले)

नमस्कार मंडळी,

आकाशवाणी सुरू होताना वाजणारी धून आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात पक्की बसलेली आहे. तंबोऱ्यावर व्हायोलिन आणि शिवरंजनीची छाया. ती बांधणारे वॉल्टर कॉफमन. जन्म १९०७, कार्ल्सबाड. युरोपात ज्यूंना दिवस कठीण आले तेव्हा १९३४ साली ते मुंबईला आले आणि १९४६ पर्यंत इथेच राहिले. रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल व्हायची, पियानोवर स्वतः कॉफमन आणि व्हायोलिनवर मेहली मेहता.

धुनीबद्दल दरवर्षी कुठे ना कुठे लेख येतो. पण या माणसानं त्या काळात क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना लिहिल्या, व्हायोलिन सोनाटा लिहिल्या, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. बोलणार तरी कसं, कागदच कोणाच्या हातात नाही.

आम्ही चौघं दर रविवारी पार्ल्यात एकाच्या घरी वाजवायला बसतो. दोन व्हायोलिन, व्हिओला आणि मी चेलोवर. चौघंही नोकरदार. हायडन, मोझार्ट, ड्वोरझाक हे सगळं मनापासून वाजवलं, अजूनही वाजवतो. आता याच शहरात जुळलेलं संगीत वाजवायचं आहे. कॅनडाच्या एआरसी आन्साम्बलनं २०२० मध्ये शॅन्डॉस या कंपनीतर्फे कॉफमन यांच्या चेंबर रचनांचं ध्वनिमुद्रण काढलं. त्यात सातवं आणि अकरावं क्वार्टेट आहे. अकराव्यावर आमचा जीव जडलाय.

दुकानांत विचारून झालं. आयएमएसएलपी या जुन्या नोटेशनच्या ऑनलाइन संग्रहात नाही. ऐकून ऐकून उतरवायचा प्रयत्न केला, पण मधल्या दोन वाद्यांचं काय चाललंय ते नीट सुटं होत नाही. पुढे काय करावं? अशाच दुसऱ्या विस्मृतीत गेलेल्या संगीतकारांचा शोध कोणी घेतला असेल तर तेही इथेच लिहा.

ठाणेकर_बासरी

धून रोज ऐकत मोठा झालो आणि बांधणाऱ्याचं नाव आज कळलं. वाचतोय.

जुनी_पानं

फार चांगला धागा. मी ग्रंथालयात काम केलेली बाई आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

आयएमएसएलपीवर नाही यात आश्चर्य नाही. तो संग्रह कॅनडाच्या कायद्यानं चालतो. तिथे पूर्वी संगीतकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क असायचे, २०२२ च्या अखेरीस ते ७० झाले. १९७१ किंवा त्याआधी गेलेले लोक आधीच मोकळे झाले होते, ते तसेच राहिले. कॉफमन गेले १९८४ मध्ये. म्हणजे जुन्या हिशोबानंही ते तिथे बसत नव्हते आणि नव्या हिशोबानं तर आपल्या हयातीत बसतील असं दिसत नाही. तेव्हा तिथे रोज डोकावण्यात अर्थ नाही.

मग कागद कुठे असतील? संगीतकाराचे कागद बहुतेक वेळा त्याच्या शेवटच्या मुक्कामी सापडतात. कॉफमन मुंबईहून इंग्लंडला, तिथून कॅनडाला गेले, विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचे संचालक होते, आणि १९५७ पासून अमेरिकेत ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात शिकवत होते. त्यांचा संग्रह तिथल्या कुक म्युझिक लायब्ररीत आहे. तुमचा पहिला पत्ता तोच.

कॅटलॉगमध्ये शोधताना एक भानगड होते. वॉल्टर कॉफमन नावाचे एक तत्त्वज्ञही होऊन गेले, नीत्शेचे अनुवादक, जन्म १९२१. नुसतं नाव टाकलं की पानंच्या पानं त्यांचीच पुस्तकं येतात. नावाबरोबर १९०७ हे जन्मवर्ष टाका आणि साहित्याच्या प्रकारात छापील पुस्तक न निवडता म्युझिकल स्कोअर निवडा, हस्तलिखितांचा पर्याय वेगळा असेल तर तोही बघा. शीर्षकाचं स्पेलिंग जर्मन, इंग्रजी, फ्रेंच तिन्ही प्रकारे टाकून बघायचं. क्वार्टेट हा शब्दच तिन्ही भाषांत वेगळा लिहिला जातो आणि यंत्राला ते कळेलच असं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्या अर्थी २०२० मध्ये ध्वनिमुद्रण झालं, त्या अर्थी चार वादकांच्या स्टँडवर चार पार्ट्स, म्हणजे प्रत्येक वाद्याचे सुटे कागद होते. कोणीतरी हस्तलिखितावरून ते बसून तयार केले. मूळ हस्तलिखित मागण्यापेक्षा हे तयार पार्ट्स मिळवणं कितीतरी सोपं. सीडीबरोबरची पुस्तिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, संपादन आणि प्रकाशनाचे हक्क तिथे बारीक अक्षरात असतात. मग त्या वादकांनाच पत्र लिहा. विस्मृतीतलं संगीत उकरून काढणाऱ्या लोकांना मुंबईहून असं पत्र आलं तर ते हरखून जातील.

पत्र मोघम नको. 'कॉफमन यांचं काही असेल तर पाठवा' असं लिहिलं तर ग्रंथपाल काय करणार? कृतीचं नाव, क्रमांक, वाद्यं, स्कोअर हवा की पार्ट्स, कशासाठी हवेत, तिकीट लावणार का, हे सगळं पहिल्याच पत्रात असू द्या.

फोर्ट_वकील

ताईंनी कॅनडाचं सांगितलं, मी आपल्याकडचं सांगतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. संगीतरचनेवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. कॉफमन यांच्या बाबतीत तो २०४४ संपेपर्यंत.

यात एक पोटकलम लोकांच्या लक्षात येत नाही. रचना संगीतकाराच्या हयातीत छापलीच नाही आणि जाहीरपणे वाजवलीही नाही, तर ६० वर्षं मृत्यूपासून मोजत नाहीत, पहिल्यांदा लोकांपुढे आली त्या वर्षापासून मोजतात. फ्लॉरेन्स प्राइस यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीतकार, १९५३ मध्ये गेल्या. २००९ मध्ये इलिनॉय राज्यातल्या सेंट ॲन गावी एका ओसाड घरात त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. त्यातल्या कित्येक रचना त्यानंतरच छापल्या गेल्या. १९५३ चा आकडा बघून 'झालं मोकळं' म्हणणारा माणूस इथे फसतो.

तुमच्या कामाची गोष्ट कलम ५२ मध्ये आहे. हौशी मंडळानं पैसे न घेता श्रोत्यांसमोर वाजवलं तर तो हक्कभंग धरत नाहीत. तेव्हा कायदेशीर पार्ट्स हातात आले की पार्ल्यातल्या दिवाणखान्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून खुशाल वाजवा. पण त्या पार्ट्सच्या पीडीएफ ग्रुपवर फिरवू नका. वाजवण्याची मोकळीक आणि प्रती वाटण्याची मोकळीक या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मध्यलय

चर्चा उत्तम आहे, पण मनात आलं ते बोलतो. भातखंडे वाळकेश्वरला जन्मले, वकिली सोडून गावोगाव, संस्थानोसंस्थान हिंडले, उस्तादांकडून बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग आपल्याला देऊन गेले. त्यांनी जे वाचवलं ते वाचलं. त्यांच्यापर्यंत जे पोहोचलं नाही, किंवा नंतरच्या मास्तरांनी वह्यांत लिहून ठेवलं, ते आजही दादर-गिरगावातल्या माळ्यांवर पडलंय. आपल्या घरची वही रद्दीत जात असताना आपण ब्लूमिंग्टनला पत्रं लिहायची, हे मला पटत नाही.

चौथी_तार

मध्यलय दादा, तुमचं दुखणं मला समजतं आणि त्या वह्यांसाठी वेगळा धागा काढलात तर पहिला प्रतिसाद माझा. पण कॉफमन मला परके वाटत नाहीत. बारा वर्षं या शहराचं पाणी प्यायलेला माणूस. हिंदुस्थानी आणि कर्नाटक रागांवर दोन जाडजूड ग्रंथ त्यांनी पुढे लिहिले, त्यातला उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा १९६८ चा. रागाचं चलन कानात मुरलेलं असताना चार तंतुवाद्यांसाठी कसं लिहावं, हे त्यांनी इथे बसून शोधलं. त्या कामाची दखल मुंबईकरांनी नाही घ्यायची तर कोणी?

धोबीतलाव

मध्यलय यांचा मुद्दा मी थोडा वळवतो. माळ्यावर नुसत्या बंदिशींच्या वह्या नाहीत, स्टाफ नोटेशनही, म्हणजे पाच रेषांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखनही पडलंय, आणि ते आपल्याच माणसांचं आहे.

गोव्याच्या गावागावांत चर्चच्या शाळेत पोरांना अक्षरओळखीबरोबर सोल्फेज, म्हणजे नोटेशन बघून स्वर गाणं शिकवायचे. तिथून ही पोरं मुंबईला आली, धोबीतलावच्या गावकीच्या क्लबांत उतरली, हॉटेलांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत आणि मग सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायला लागली. संगीतकारानं पेटीवर चाल सांगायची आणि यांनी ती साठ वादकांसाठी कागदावर मांडायची. यातल्या काहींनी स्वतःच्या समाधानासाठीही लिहिलं. ॲन्थनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे त्यातलं ठळक नाव. प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. हे कागद आज किती जणांनी पाहिले असतील?

ज्यांनी नाव कमावलं त्यांची ही गत. मग ज्यांचं नावच कुठे लागलं नाही, त्यांचं काय झालं असेल? कावेल, माझगाव, वांद्रे, वसई इथे म्हातारा वादक गेला की व्हायोलिन विकलं जातं, त्याला किंमत असते. कागदांची पेटी रद्दीवाला किलोवर नेतो.

शिवाजीपार्क_पियानो

धोबीतलाव, शंभर टक्के. जॉन फोल्ड्स यांचं काय झालं ते माहीत असेलच. इंग्लंडमध्ये एकेकाळी नावाजलेले संगीतकार, पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी लिहिलेली त्यांची प्रार्थनारचना १९२३ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली. १९३५ मध्ये हिंदुस्थानात आले, दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीत बघायचे, आपल्या वादकांना घेऊन वाद्यवृंद बांधला. १९३९ मध्ये कलकत्त्यात पटकीनं गेले. इथे लिहिलेली पूर्व-पश्चिम सिम्फनी आजतागायत सापडलेली नाही. बाकीची हस्तलिखितं मुलीच्या गॅरेजमध्ये खोक्यांत होती. माल्कम मॅकडोनाल्ड नावाच्या समीक्षकानं १९७० च्या दशकात तिला शोधून काढलं म्हणून ती ब्रिटिश लायब्ररीत पोहोचली.

याच्या अगदी उलट कैखुश्रू सोराबजी. वडील मुंबईचे पारशी, स्वतः इंग्लंडात वाढले. पियानोसाठी त्यांनी १९३० मध्ये पुरी केलेली एक प्रचंड रचना चार तासांहून जास्त चालते, छापील पानं अडीचशेच्या वर. लोक वाईट वाजवतील म्हणून कित्येक दशकं त्यांनी आपलं संगीत जाहीरपणे वाजवायला मनाई केली, ती १९७६ मध्ये उठवली. इतकं दुर्लक्षित असूनही आज त्यांची कुठलीही रचना हवी असेल तर मिळते, कारण एका चाहत्यानं सोराबजी आर्काइव्ह उभं केलं. हस्तलिखितांच्या प्रती आणि स्वयंसेवकांनी संगणकावर नव्यानं मांडलेल्या आवृत्त्या ते पाठवतात. एक माणूस पाठीशी उभा राहिला तर एवढा फरक पडतो.

आणि वनराज भाटिया? सिनेमा आणि मालिकांमुळे सगळ्यांना माहीत. पण रॉयल ॲकॅडमीत शिकून, पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे तालीम घेऊन आलेला हा मुंबईकर १९६० च्या दशकात एकट्या बासरीसाठी रचना लिहीत होता, उतारवयात ऑपेरा लिहीत होता. २०२१ मध्ये गेले. त्यांच्या पियानोच्या रचना मी विद्यार्थ्यांकडून वाजवून घ्याव्या म्हणते, पण दुकानात मागितल्या की समोरचा माणूस त्यांच्या गाण्यांचं पुस्तक शोधायला लागतो.

आईची_शिकवणी

थोडा सोपा प्रश्न. लेक पियानोच्या सातव्या ग्रेडला आहे, तिला स्त्री संगीतकारांचं वाजवायचंय. लुईझ फारांक आणि एमिली मायर यांचं आयएमएसएलपीवर मिळालं, पण प्रिंट काढल्यावर काही वाचता येत नाही.

जुनी_पानं

त्या दोघीही एकोणिसाव्या शतकातल्या, हक्काचा प्रश्न नाही. एकाच रचनेच्या खाली तिथे बहुतेक वेळा दोन-तीन स्कॅन असतात. पहिलाच उतरवू नका, सगळे उघडून बघा. त्या काळच्या छपाईचं पान ए४ पेक्षा मोठं असायचं, ते ए४ वर दाबलं की स्वर मुंगीएवढे होतात. ए३ वर काढा. कागद जरा जाड घ्या, नाहीतर पंख्यानं स्टँडवरून उडतो. नवीन छापील आवृत्ती हवी असेल तर धोबीतलावला फुर्टाडोजच्या दुकानात प्रकाशकाचं नाव आणि आवृत्तीचा क्रमांक घेऊन जा. संगीतकाराच्या नुसत्या नावावर कोणाला मागवता येत नाही.

वसईवाला

नमस्कार. रोज वाचतो, लिहिलं नव्हतं. धोबीतलाव यांनी लिहिलं तशी एक पेटी आमच्याकडे आहे. माझे मामा स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे. पत्र्याची पेटी, डांबराच्या गोळ्या घातलेली, त्यामुळे कसर लागलेली नाही. बरेचसे कागद सुटे आहेत, पण एक जुडगा दोऱ्यानं बांधलेला. हातानं लिहिलेले पार्ट्स, वर फक्त 'सेरेनेड'. नाव नाही, साल नाही. पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, चेलो. व्हिओला नाही. अक्षर मामांचं वाटतं, पण त्यांनी दुसऱ्याचं उतरवून घेतलेलं असू शकतं.

मला वाचता येत नाही. एवढं दिसतं की सुरुवातीला एक फ्लॅटची खूण आहे आणि तिच्या शेजारीच शार्पची. दुसऱ्या व्हायोलिनच्या पानावर एका ठिकाणी कागदाची पट्टी खळीनं चिकटवून वर नवीन स्वर लिहिलेत. उजेडासमोर धरलं की खालचे खोडलेले स्वर दिसतात.

जुनी_पानं

वसईवाला, ती पट्टी सोडवू नका!! तीच सगळ्यात मोलाची आहे. दुसऱ्याचं उतरवून घेणारा माणूस चूक दुरुस्त करतो तेव्हा खालचं आणि वरचं यांत एखाद्या स्वराचा फरक असतो. खालची अख्खी ओळ वेगळी असेल तर लिहिणाऱ्यानं आपला विचार बदललाय. म्हणजे रचना मामांची असण्याची शक्यता वाढते.

सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन पानाच्या बरोबर वर धरून फोटो काढा. पानाच्या मागची कोरी बाजूसुद्धा घ्या, मागे पेन्सिलनं स्टुडिओचं नाव किंवा हिशोब लिहिलेला असतो. पट्टीचे दोन फोटो, एक नेहमीसारखा आणि एक मागून उजेड घेऊन. ज्या क्रमानं कागद बांधलेत तो क्रम मोडू नका.

चौथी_तार

व्हिओला हरवला म्हणून निराश होऊ नका. दुसऱ्या व्हायोलिनच्या आणि चेलोच्या पानांवर मोठ्या विश्रांतीनंतर बारीक स्वर लिहिलेत का बघा. आपण कधी शिरायचं ते कळावं म्हणून दुसऱ्या वाद्याची ओळ तिथे छोट्या अक्षरात देतात. हरवलेल्या पार्टचे तुकडे तसेच सापडतात. बाकीच्या जागी तिन्ही वाद्यांत कुठला स्वर कमी पडतोय यावरून बराच अंदाज बांधता येतो.

फ्लॅट आणि शार्प कुठल्या रेषेवर आहेत? फोटो टाकाल का?

वसईवाला

फक्त खुणांचा टाकलाय, बाकी नंतर. चेलोच्या पहिल्या ओळीचा पण आहे.

शिवाजीपार्क_पियानो

बी फ्लॅट आणि एफ शार्प, म्हणजे बी अर्धा स्वर खाली आणि एफ अर्धा स्वर वर, दोन्ही एकत्र. नेहमीच्या पाश्चात्त्य लेखनात अशी जोडी सुरुवातीला लिहीत नाहीत. जी मायनर म्हणावं तर त्याला दोन फ्लॅट असतात आणि एफ शार्प जागच्या जागी लिहितात. ज्यानं लिहिलं त्याला नक्की काय हवं होतं कळत नाही.

मध्यलय

चेलोचा फोटो मोठा करून बघितला. पहिले आठ बार डी आणि ए धरून ठेवलेत, दुसरं काही नाही. तो तंबोरा आहे. डी म्हणजे षड्ज धरा. मग ई शुद्ध रिषभ, एफ शार्प शुद्ध गंधार, जी शुद्ध मध्यम, ए पंचम, बी फ्लॅट कोमल धैवत, सी कोमल निषाद. राग चारुकेशी.

लिहिणाऱ्याला काय हवं होतं ते चोख माहीत होतं. पहिल्या व्हायोलिनचे फोटो टाका, चलन बघून सांगतो की नुसती स्वरांची जमवाजमव आहे की राग शिकलेल्या माणसाचं काम आहे.

धोबीतलाव

अंगावर काटा आला. वसईवाला, मामा कोणाबरोबर वाजवायचे, कोणाच्या घरी जायचे, हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. मामी आहेत का? कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत.

वसईवाला

मामी आहेत. नव्वदीच्या पुढे, पण आठवण पक्की. विचारतो.

फोर्ट_वकील

वसईवाला, अजून पूर्ण फोटो इथे उघड्यावर टाकू नका. रचना मामांची असेल तर हक्क त्यांच्या वारसांचे आहेत, आणि दुसऱ्या कोणाची असेल तर त्यांच्या. आधी मामींची आणि मुलांची संमती घ्या, साध्या कागदावर दोन ओळी पुरतात. मग मध्यलय आणि चौथी_तार यांना खासगीत पाठवा. रचना कोणाची ते ठरलं, घरच्यांची हरकत नसली, की एनसीपीएच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या संग्रहात प्रत ठेवता येईल का ते विचारू. त्या पत्राचा मसुदा मी करून देईन, पैसे नकोत.

चौथी_तार

सगळ्यांचे आभार. कॉफमनसाठी दोन पत्रं तयार आहेत, एक ब्लूमिंग्टनच्या ग्रंथालयाला आणि एक टोरोंटोच्या एआरसीच्या वादकांना. जुनी_पानं ताई, पाठवण्याआधी तुम्हाला मेल करते, एकदा नजर टाका.

सेरेनेडचं काम मात्र पत्रांची वाट न बघता सुरू करू. घरच्यांची संमती मिळाली की तिन्ही पार्ट्स मी म्युझस्कोअर या नोटेशन लिहायच्या संगणक प्रणालीत भरते. पट्टीच्या खालची आणि वरची अशी दोन्ही रूपं वेगळी ठेवीन. आमची व्हिओला वाजवणारी मैत्रीण रिकाम्या जागा भरायला उत्सुक आहे, पण तिनं भरलेला प्रत्येक स्वर वेगळ्या रंगात राहील, म्हणजे पुढे मूळ पार्ट सापडला तर गोंधळ नको. मध्यलय दादा, तिला चारुकेशीच्या जागा दाखवायला तुम्ही याल का?

मध्यलय

येतो. पत्ता कळवा. तंबोरा आहे का तुमच्याकडे, की घेऊन येऊ?

वसईवाला

मामी हो म्हणाल्या. म्हणाल्या की मामा रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत बसायचे आणि एक परेरा म्हणून चेलोवाले रविवारी यायचे. पेटी मीच घेऊन येतो पार्ल्याला, फोटोत ओळी वाकड्या येतायत.

चौथी_तार

लोकलच्या गर्दीत पेटी आणू नका, टॅक्सी करा, पैसे आम्ही चौघं वाटून देऊ. पाऊस आहे, तेव्हा पेटीवर प्लॅस्टिक बांधा. मामींना यायचं असेल तर इमारतीला लिफ्ट आहे. तंबोरा आहे दादा, जवारी तेवढी बघावी लागेल.